घरोघरी बसून एक दिवाळी अंक काढायचा असेल तर

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत मी बरीच वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, केलं. श्रीलिपी, पेजमेकर, प्रूफांचे गठ्ठे, आणि गणपती बसले की रात्री अकरापर्यंत खुर्ची. आता सांगलीला घरूनच काम करते आणि दरवर्षी एका ऑनलाइन दिवाळी अंकाची जुळणी बघते. लिहिणारे, चित्रं काढणारे, वाचून दाखवणारे असे आम्ही पंचविसेक जण. कुणी नाशिकला, कुणी मडगावला, कुणी डॅलसला, एक जण सिडनीला. यांतल्या निम्म्यांना मी प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. पैसे कुणालाच मिळत नाहीत. तरी अंक वेळेवर निघतो, आणि निघाल्यावरही लोक एकमेकांशी बोलत असतात. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड.

"आम्हालाही असं काही करायचंय, कुठलं ॲप वापरता?" असं विचारणारे फोन येतात. ॲपचं शेवटी बघू. हौशी अंक ॲपमुळे बंद पडत नाहीत. कुणी काय ठरवायचं हे न ठरवल्यामुळे पडतात.

शेवटचा शब्द कुणाचा

पहिल्या बैठकीत अंकाचं नाव आणि मुखपृष्ठ यांवरच दोन तास जातात. जाऊ द्यात, हौस असते. पण उठण्यापूर्वी एक गोष्ट लिहून घ्या: प्रत्येक लेखाबाबत शेवटचा शब्द कुणाचा. "सगळे मिळून ठरवू" हे उत्तर घेऊ नका. सगळे मिळून ठरवायला बसलं की जो जास्त वेळ ऑनलाइन असतो त्याचंच चालतं.

आमच्याकडे प्रत्येक लेखाला एक पालक असतो. कथा आली की गटातला एक जण ती पदरात घेतो. लेखकाशी बोलणं त्याने करायचं, इतरांच्या सूचना गोळा करून त्यातल्या कुठल्या पुढे न्यायच्या ते त्याने ठरवायचं, चित्रकाराला मजकूर त्याने पाठवायचा, शेवटच्या प्रूफातल्या शंका त्याने मिटवायच्या. लेखकाला पाच जणांचे पाच मेसेज जाता कामा नयेत. लेखक आणि पालक यांचं जमलं नाही तर संपादक बघेल, आणि संपादक एकच. दोन ठेवायचे असतील तर काम वाटून द्या, एकाकडे कथा-कविता, दुसऱ्याकडे लेख-मुलाखती. शुद्धलेखन न विचारता सुधारायचं, वाक्य मात्र विचारल्याशिवाय बदलायचं नाही, ही रेघ पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाका. आपण आपल्याच लेखाचं पालक व्हायचं नाही. नवरा-बायकोंनी एकमेकांचे लेख घ्यायचे नाहीत. हसू नका, हा नियम उगाच झालेला नाही.

नावं कशी द्यायची तेही तेव्हाच ठरवा. छापील अंकात अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव आलंच तर आतल्या पानावर बारीक टायपात. कित्येकदा तेही नाही. आमच्या अंकात प्रत्येक लेखाच्या शेवटी लेखक, चित्रकार, पालक आणि मुद्रितशोधक अशी चार नावं एकाच आकारात येतात. फुकट काम करणाऱ्याला देण्यासारखं आपल्याकडे एवढंच असतं, तेव्हा त्यात काटकसर करू नका. नावाचं लेखन ज्याचं त्याला विचारून घ्या. 'कुळकर्णी'चं 'कुलकर्णी' झालं की माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

उलटं मोजायचं

का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अंक फराळाबरोबर घरात यावा ही मराठी वाचकाची सवय आहे. ऑनलाइन अंकालाही तीच लागू. वसुबारसेला अंक लोकांच्या फोनवर असला पाहिजे. भाऊबीज उलटली की कुणी उघडत नाही, मग तो कितीही चांगला असो.

वसुबारसेपासून मागे मोजत या. दसरा ते वसुबारस हे सोळा-सतरा दिवस फक्त शेवटच्या प्रूफांचे आणि फोनवर अंक तपासून बघण्याचे. या दिवसांत नवा मजकूर घ्यायचा नाही. नवरात्रात बायका कामाला येत नाहीत हे गृहीत धरा, आणि आमच्या गटात काम करणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. गणपतीचे दहा दिवस तर सोडूनच द्या. त्या दोहोंच्या मधला पितृपक्ष मात्र सोन्यासारखा. लग्नकार्य नाही, खरेदी नाही, कुणाकडे जाणं-येणं नाही. आमची सगळी मांडणी पितृपक्षात होते. त्याआधी, म्हणजे श्रावण संपेपर्यंत, चित्रं हातात हवीत. आषाढाअखेर लेख पक्के झालेले हवेत. आवाहन मे महिन्यात जायला हवं. अधिक महिना येणाऱ्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते आणि सगळ्यांना वाटतं, वेळ भरपूर आहे. त्या वर्षी जास्त सांभाळा.

बैठकांचं सांगते. जुलैत शनिवारी रात्री साडेआठला बसलात तर डॅलसला सकाळचे दहा, लंडनला दुपारचे चार, पण सिडनीला रात्रीचा एक. रविवारी सकाळी साडेसातला बसलात तर सिडनीला दुपारचे बारा, डॅलसला आदल्या रात्रीचे नऊ, आणि लंडनवाला पहाटे तीनला उठणार नाही. सगळ्यांना सोयीची वेळ अस्तित्वातच नाही. म्हणून बैठका कमी आणि लिहून जास्त. बैठकीत जे ठरलं ते त्याच दिवशी चार ओळींत लिहून टाकायचं. जो नव्हता त्याला दोन दिवस हरकत घ्यायला द्यायचे. मग विषय बंद.

कच्चं लेखन दाखवायचं कसं, त्यावर बोलायचं कसं

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. गटाचा काही उपयोग आहे की नाही ते इथे कळतं.

लेख सगळ्या पंचवीस जणांना एकदम दाखवू नका. तीन वाचक पुरे, पालक धरून. त्यातला एक असा हवा की जो एरवी त्या प्रकारचं वाचत नाही. आमच्या विज्ञानकथा एक काकू वाचतात, त्यांना अवकाशयानांत काडीचा रस नाही. त्यांना जे समजलं नाही ते बहुतेक लेखकालाच नीट समजलेलं नसतं.

वाचकांनी एकमेकांच्या सूचना आधी पाहायच्या नाहीत. पहिल्याने "सुंदर" म्हटलं की दुसऱ्याची जीभ अडखळते. तिघांनी आपापलं टिपण पालकाला पाठवायचं आणि पालकाने ते एकत्र करायचं.

आता टिपण कसं असावं. समजा कथेची सुरुवात अशी आहे:

"पावसाळ्याचे दिवस होते. आकाशात काळेभोर ढग दाटून आले होते. सुमन खिडकीत बसून गतकाळाच्या आठवणींत हरवली होती. इतक्यात पोस्टमनने हाक मारली. त्याच्या हातातल्या कार्डावर तिचंच अक्षर होतं."

यावर नेहमी येणारं टिपण: "छान सुरुवात! वातावरणनिर्मिती अजून फुलवता येईल. पु. ले. शु. (पुढील लेखनास शुभेच्छा)" याचा लेखकाला काहीही उपयोग नाही. उलट तो बिचारा ढग आणखी काळे करून आणतो. दुसऱ्या टोकाचं टिपण: "घिसंपिटं. शंभर वेळा वाचलंय." हे कदाचित खरं असेल, पण पुढे काय करायचं ते यातून कळत नाही.

आमच्याकडे असं लिहितात: "पहिली तीन वाक्यं बोटाने झाकून चौथ्यापासून वाचलं, माझं काही अडलं नाही. 'तिचंच अक्षर' इथे मी सावरून बसले. तिने स्वतःलाच कार्ड टाकलं होतं का, की जुनं कार्ड परत आलं? मला ते दुसऱ्या पानापर्यंत कळलं नाही आणि तोवर मी दोनदा फोन बघितला." यात लेखकाला काय करायचं ते सांगितलेलं नाही. वाचताना आपलं काय झालं ते सांगितलंय. कुठे सावरून बसलो, कुठे फोन बघितला, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं. ही तीन ठिकाणं खुणा करून पाठवली तरी पुष्कळ झालं. उपाय लेखकाचा तो शोधेल. "मी असतो तर शेवट असा केला असता" हे लिहायला आमच्याकडे बंदी आहे. फारच वाटत असेल तर स्वतःची कथा लिहावी, अंकात जागा आहे.

लेखकाने उत्तर देऊ नये, निदान दोन दिवस. "तुम्हाला कळलं नाही, मला असं म्हणायचं होतं" हे समजावून सांगायला तो प्रत्येक वाचकाच्या घरी जाणार नाहीये.

कवितांना हे सगळं लागू होत नाही. कवितेवर तीन जणांनी टिपणं दिली की कविता मरते. एकाच वाचकाने ती मोठ्याने वाचावी, आवाज टिपून कवीला पाठवावा. आपण जिथे थांबलो नव्हतो तिथे हा थांबला, हे कवीला ऐकूनच कळतं.

नाही म्हणायचं असेल तर पालकाने फोन करावा, मेसेज करू नये. आणि लवकर. श्रावणात "तुमची कथा घेत नाही आहोत" हे ऐकणं आणि दसऱ्याला ऐकणं यात फार फरक आहे. श्रावणात तिला दुसरीकडे पाठवायला वेळ असतो.

आणखी एक. छापील अंकाचं पोट सोळा पानी फॉर्मात भरत असे. कथा एका पानाने वाढली की मालक तरी वैतागायचे किंवा चारोळी तरी कापली जायची. ऑनलाइनला ती शिस्त नाही, म्हणून लोक लांबवतात. शब्दमर्यादा आवाहनातच लिहा आणि पाळा. आमची कथेला तीन हजार आहे. अपवाद करणारच असाल तर दर वर्षी एकच करा.

हक्क: कंटाळवाणं आहे, तरी वाचा

लेखकाकडून एक ईमेल घ्या. व्हॉट्सॲपवरचा अंगठा नव्हे. त्यात इतकं असावं: हे लेखन माझं स्वतःचं आहे, आधी कुठे प्रसिद्ध झालेलं नाही, ते अमुक वर्षाच्या अंकात प्रसिद्ध करायला आणि अंकाबरोबर चित्ररूपात व ध्वनिरूपात द्यायला माझी परवानगी आहे, लेखनाचे हक्क माझ्याकडेच राहतील. याला मुदत आणि क्षेत्र जोडायला विसरू नका. १९५७च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात, मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा अंक पहिल्याच दिवशी डॅलसला उघडला जाणार आहे. तेव्हा "जगभर, अंक ऑनलाइन उपलब्ध असेपर्यंत" असे शब्द घाला.

जुन्या लेखकांचं काही घ्यायचं असेल तर हिशेब सोपा आहे. लेखक ज्या वर्षी गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता केव्हाच मोकळ्या झाल्या. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं. पु. ल. २००० साली गेले. त्यांचं काही घ्यायचं तर २०६० संपेपर्यंत परवानगी लागणार, मग ते कितीही "सगळ्यांचे" असोत. मोकळ्या झालेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती समोर ठेवून टाइप करत असाल तर नवी प्रस्तावना, टिपा आणि चित्रं यांना हात लावू नका, त्यांचे हक्क वेगळे असतात. हक्क संपलेले नसतील तर भाषांतराला मूळ लेखकाची परवानगी लागते. मोठ्याने वाचून टिपलेल्या कथेलाही लागते. "आम्ही फक्त वाचलंय" हे कारण चालत नाही.

चित्रांखाली "गूगलवरून साभार" लिहिलेलं मी छापील अंकातही पाहिलंय. गूगल काही चित्रं काढत नाही. विकिमीडिया कॉमन्स या फुकट चित्रांच्या साठ्यावर प्रत्येक छायाचित्राखाली परवाना लिहिलेला असतो, बहुतेकदा क्रिएटिव्ह कॉमन्सचा ('सीसी'), तो वाचा. नुसतं 'बाय' असेल तर नाव देऊन काहीही करा. 'एसए' असेल तर त्या चित्रात बदल करून तुम्ही जे कराल तेही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. 'एनडी' आणि 'एनसी' हे परवाने कॉमन्सवर चालत नाहीत, पण इतर साइटींवर भेटतात. 'एनडी' असेल तर रंग बदलणं, दोन चित्रं जोडणं असलं काही करून ते पुढे देता येत नाही. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नाही. अंकात सराफाची जाहिरात घेणार असाल तर 'एनसी' चित्रांपासून लांबच राहा, वादाला जागाच नको. श्रेय देताना चित्रकाराचं नाव, चित्र मिळालं ती जागा आणि तिचा दुवा, परवान्याचं नाव आणि आवृत्ती, आणि बदल केला असेल तर तो, इतकं सगळं हवं. "अमुक तमुक, विकिमीडिया कॉमन्स (दुवा), सीसी बाय-एसए ४.०, कडा कापल्या आहेत" अशी ओळ चित्राखाली आठ पॉइंटात सहज मावते.

यंत्राकडून करून घेतलेल्या चित्रांवर गटात भांडणं होणार, ती आवाहन काढण्याआधीच होऊ द्या. आमचा नियम असा: आत असलं चित्र आलं तर खाली तसं स्पष्ट लिहायचं, मुखपृष्ठ मात्र माणसाच्या हातचंच. तुम्ही दुसरा नियम करा, पण करा.

मजकूर एका वळणावर आणणं

हे माझं खातं, त्यामुळे थोडं सविस्तर.

सगळा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या अक्षरांत, मागवा. तरीही कुणीतरी जुन्या श्रीलिपी फॉन्टातली फाइल पाठवतोच, आणि ती उघडली की इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं, रफार आणि वेलांट्या यांत ती घोळ घालतात. रूपांतर केलेला लेख मुळाशी ताडून, एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने बघायचा, असाच तपासावा लागतो. छापखान्यातली पद्धत आहे, व्हिडिओ कॉलवर उत्तम चालते.

युनिकोडमध्ये आलं म्हणजे सुटलो असंही नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि मग हलन्त; इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून J ची कळ दाबली की हा ऱ येतो. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही अगदी सारखे. पण 'दुसऱ्या' शोधायला गेलात तर एका तऱ्हेचे सापडतात आणि दुसऱ्या तऱ्हेचे तसेच राहून जातात. वाचकालाही अंकात काही शोधताना हाच त्रास. 'ॲप'मधल्या ॲचंही तेच: काही जण एकच अक्षर टाइप करतात, काही जण अ देऊन वर चंद्र काढतात. म्हणून मांडणीला बसण्याआधी प्रत्येक लेखावर 'शोधा आणि बदला' चालवून एकच तऱ्हा ठेवते. आधी हे, मग दोन शब्दांमधल्या दुहेरी मोकळ्या जागा, मग सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं. सगळं मिळून लेखाला दहा मिनिटं लागतात आणि पुढचे दोन तास वाचतात.

शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२मध्ये वाढवलेले चार, असे अठरा नियम छापून भिंतीवर लावा आणि वाद तिथे नेऊन मिटवा. पात्रांची बोली मात्र नियमात बसवू नका. मालवणी आजी अंकात आली की तिने मालवणीच बोलायचं. शंका आली तर कुडाळच्या माणसाला विचारा, कोशाला नको.

फॉन्टवर जीव टाकू नका. लेखांचा मजकूर एका फॉन्टात, शीर्षकं दुसऱ्या, बस्स. 'टिरो देवनागरी मराठी' फुकट मिळतो आणि त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. त्याचीच हिंदी आणि संस्कृत भावंडं वेगळी आहेत, ती चुकून उतरवू नका. शीर्षकांना 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' (Mukta) चालतो, तोही फुकट. इनडिझाइन वापरणाऱ्यांनी परिच्छेदाचा कंपोझर 'वर्ल्ड-रेडी' केल्याशिवाय मराठी ओतू नये, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात.

चित्र आणि आवाज

चित्रकाराला कथा पूर्ण द्या. "एक बाई, खिडकी, पाऊस" असा सारांश पाठवला तर तेच चित्र परत येतं. आधी तीन कच्ची रेखाटनं, अंगठ्याएवढी. त्यातलं एक पालकाने निवडायचं. मग पक्कं चित्र. दुरुस्त्या दोनदाच. लेखकाने नायिकेच्या साडीचा रंग सांगायचा नाही, तो चित्रकाराचा प्रांत. मुखपृष्ठावर नावासाठी वरचा पाव भाग मोकळा सोडायला सुरुवातीलाच सांगा. चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं, रेषा फाटते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं.

आवाजासाठी महागडा माइक लागत नाही, शांत खोली लागते. पंखा बंद, फ्रिज असलेली खोली नको, कपड्यांच्या कपाटाची दारं उघडी टाकून त्याकडे तोंड करून वाचा. सुरुवातीला पाच सेकंद काही न बोलता टिपा. ऑडॅसिटीमध्ये मागची घरघर काढताना त्या शांततेचाच नमुना द्यावा लागतो. मागे सिनेमातल्या गाण्याची धून लावायची नाही. कारण वर आलंच आहे.

फाइली आणि मांडणी

आता ते ॲप. गूगल डॉक्स पुरतं. लेखकाला आणि (टिपण पाठवून झाल्यावर) वाचकांना 'सजेस्टिंग'चाच, म्हणजे बदल सुचवण्याचाच, अधिकार द्या, बदल पक्का करण्याचा फक्त पालकाला. प्रत्येक टप्प्याला आवृत्तीला नाव द्या, 'वाचन झालं', 'प्रूफ १', 'प्रूफ २'. दोन महिन्यांनी कुणी "माझा परिच्छेद कुठे गेला" म्हणाला की उघडून दाखवता येतं. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि सुरुवातीला क्रमांक. झिप केल्यावर देवनागरी नावांचे कधी कधी चौकोन होतात. व्हॉट्सॲपचा गट सूचनांपुरता ठेवा. तिथे आलेली दुरुस्ती मी करत नाही, हे मी पहिल्या आठवड्यात सांगते आणि दसऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा सांगते.

अंक बहुतेक लोक फोनवर वाचणार. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद, फोनचा पडदा साधारण ७०. म्हणजे बारा पॉइंटाचं अक्षर चार पॉइंटाचं होऊन दिसतं, आणि वाचक दोन बोटांनी पान ताणत बसतो. पान ए-सिक्स घ्या, १०५ मिलिमीटर. तेच अक्षर आठ पॉइंटाचं दिसेल. एकच स्तंभ. दोन्ही कडा जुळवू नका, अरुंद स्तंभात मराठी शब्द तुटत नाहीत आणि मधे भोकं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी. पीडीएफबरोबर ईपबही, म्हणजे पडद्याप्रमाणे मजकूर बसवून घेणारी ई-पुस्तकाची फाइलही, द्या. पीडीएफमधून मराठी उचलून दुसरीकडे चिकटवलं की वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्या अंध वाचकांनाही तसंच तुटकं ऐकू येतं. ईपबमध्ये अक्षर मोठं करता येतं, ते सत्तरीच्या वाचकांना फार आवडतं.

शेवटचं प्रूफ पीडीएफवर, आणि ते ज्याने आधी तो लेख वाचला नाही त्यानेच वाचायचं. अनुक्रमणिकेतलं नाव, लेखावरचं नाव आणि शेवटच्या श्रेयातलं नाव ही तीन ठिकाणं शेजारी ठेवून ताडा. मग स्वस्तातल्या जुन्या फोनवर फाइल उघडून बघा. पाच सेकंदांत उघडली नाही तर चित्रं हलकी करा.

अंक निघाल्यावर

पहिल्याच दिवशी चुका येतात, आणि त्या कळवणारे सगळ्यांना दिसेल असंच कळवतात. एक पत्ता द्या, चुका तिथे घ्या, पाडव्यापर्यंत गोळा करा आणि एकदाच सुधारलेली प्रत चढवा. तिच्यावर 'दुसरी प्रत' आणि तारीख घाला, नाहीतर कुणाकडे कुठली आहे ते कळत नाही. लेखकांना आणि चित्रकारांना आपापल्या पानांची वेगळी पीडीएफ पाठवा. घरच्यांना दाखवायला त्यांना पूर्ण अंक नको असतो. मूळ फाइली, परवानग्यांच्या ईमेल आणि फॉन्ट एका फोल्डरात बांधून ठेवा, त्याचा पासवर्ड दोन वेगळ्या घरांतल्या दोघांकडे असू द्या, आणि तुळशीचं लग्न होईपर्यंत पुढच्या अंकाचा विषय गटात कुणालाही काढू देऊ नका.